ऑर्डरचं मशीन बसवलं, पोरं हात लावत नाहीत – मदत हवी आहे

संगमनेरी: नाशिक-पुणे रोडवर आमचं हॉटेल आहे. दहा दिवसांपूर्वी टच मशीन बसवलं. गिऱ्हाईकाने स्वतः ऑर्डर द्यायची, पैसे यूपीआयने, केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) थेट किचनला. पोरांनी नुसतं शेजारी उभं राहून दाखवायचं. कोणी उभंच राहत नाही. दोघे गावी निघून गेले. शनिवार तोंडावर आलाय, ट्रेनिंग कसं द्यायचं ते लवकर सांगा.

वाटसरू: पोरं किती, कुठली? मशीन कुठल्या भाषेत?

संगमनेरी: नऊ उरलीत. तीन नेपाळची, चार ओडिशाची, बाकी आपल्याकडची. मशीन इंग्रजीत. कंपनीचा माणूस अर्धा तास शिकवून गेला.

क्यूआरवाला: मशीन परत करा, टेबलांवर क्यूआर चिकटवा. आमच्याकडे दोन वर्षं तेच चालू आहे.

माईआजी: आमच्यासारख्यांना ते क्यूआर जमत नाही हो. माणूस येऊन विचारतो तेच बरं.

कर_सल्ला: सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नका. २०२२ पासून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची तशी सूचना आहे.

संगमनेरी: सर्व्हिस चार्ज लावतच नाही. ट्रेनिंगचं सांगा.

वाटसरू: जपानच्या हेन ना हॉटेलात २०१५ ला रोबोट ठेवले होते. २०१९ ला निम्म्याहून जास्त काढले, कारण ते सांभाळण्यातच माणसांचं काम वाढलं.

क्यूआरवाला: रोबोटचा इथे काय संबंध?

जुना_कॅप्टन: चौदा वर्षं टेबलं सांभाळली आहेत. टिप कशी वाटता?

संगमनेरी: ज्याच्या टेबलाची त्याला.

जुना_कॅप्टन: मग मशीनजवळ उभा राहणारा टेबल सोडतो, म्हणजे त्याची टिप गेली. तो शिकेल कशाला? आधी सगळ्यांची टिप एका डब्यात टाका, रात्री सारखी वाटा, आणि कोणालाही काढणार नाही हे सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगा. ट्रेनिंग त्यानंतर. मशीन हिंदीत करून घ्या. दुपारी तीनला, गर्दी नसताना, प्रत्येकाला स्वतःच्या जेवणाची ऑर्डर मशीनवरच देऊ दे. आणि पोरांचे हात बघा. ग्लास उचलून ओल्या बोटाने काच दाबली की मशीन घेत नाही. गिऱ्हाईकासमोर तीनदा दाबावं लागलं की पोरगा लाजतो, पुन्हा तिकडे फिरकत नाही.

संगमनेरी: आत्ता जाऊन बघितलं, काचेवर थेंबच थेंब. फडकं ठेवलं. टिपचं आज रात्री बोलतो. पण जैन ऑर्डरला मशीनवर बटणच नाही. कांदा-लसूण नको हे पोरगा आत जाऊन तोंडी सांगायचा. कंपनी म्हणते पुढच्या अपडेटमध्ये देऊ. तोवर काय करू?

जुना_कॅप्टन: तोवर जैन ऑर्डर कागदावरच घ्या. आणि त्या दोघांना फोन केलात का?