मदत हवी आहे: लॅटिन शिकणाऱ्या लेकीसाठी

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. लेक १४ वर्षांची. आजोबांकडून थोडं संस्कृत शिकलीये, त्यामुळे लॅटिनमधले 'मातेर', 'पातेर' दिसले आणि मातृ-पितृ आठवून हरखूनच गेली. संस्कृतच्या आठ विभक्ती, इथे सहाच, म्हणून तर आणखी खूश! पण तिच्या शाळेत लॅटिन नाही.

१९०३ साली स्थापन झालेल्या क्लासिकल असोसिएशनच्या (ग्रीक-लॅटिनच्या अभ्यासाला चालना देणारी इथली संस्था) स्थानिक शाखा व्याख्यानं भरवतात. तिथे कुणी मुलांना घेऊन गेलंय का? या वयाला ती झेपतात का? आणि शाळेबाहेर शिकून जीसीएसईला (इथली साधारण सोळाव्या वर्षी द्यायची शालेय परीक्षा) लॅटिन कुणी दिलंय का? परीक्षा केंद्र कसं मिळवलंत? तिची ही ओढ विझू द्यायची नाहीये. अनुभव जरूर सांगा.