स्पीकर शेवटी घ्या म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

मंद्रसप्तक:
परवा एकाने लिहिलं की गाणी ऐकायची सिस्टीम अपग्रेड करायची तर आधी डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा), मग अँप (तो सिग्नल मोठा करणारा), मग केबली आणि स्पीकर सगळ्यात शेवटी, कारण म्हणे "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार". त्याखाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, पण नवा माणूस हे वाचून पैसे घालवणार हे दिसतंय म्हणून लिहितोय.

हा सल्ला टर्नटेबलच्या जमान्यातला आहे. स्कॉटलंडमधली लिन कंपनी १९७३ साली सुरू झाली, तिने तो लोकांच्या डोक्यात पक्का बसवला, आणि तेव्हा त्यात तथ्यही होतं. मोटरची घरघर, तबकडीचा वेग कमीजास्त होणं, सुईने खाचेतून जे उचललंच नाही ते पुढे कुणीच परत आणू शकत नाही. पण १९८२ ला सीडी आली. आजचा साधासुधा डॅकसुद्धा २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ जवळपास सरळ रेघ देतो. बऱ्या अँपचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची मोडतोड, टक्क्याच्या शंभराव्या हिश्शात असतं. आणि स्पीकर? चांगला म्हणवणारा स्पीकर ३ डेसिबल वर-खाली होतो, तेही प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत मोजला तर. खालचे सूर जोरात वाजवले की डिस्टॉर्शन सरळ टक्क्यांत जातं. आड काठोकाठ भरलेला आहे हो, भोक पोहऱ्याला आहे.

मी स्वतः ६ वर्षं त्याच क्रमाने गेलो. ३ डॅक बदलले, २ अँप बदलले, स्पीकर तेच जुने बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे. प्रत्येक वेळी आठ दिवस वाटायचं की पडदा बाजूला झाला, नवव्या दिवशी पुन्हा तेच. मग एक मित्र घर बदलत होता, त्याने त्याची जोडी महिनाभर माझ्याकडे ठेवली. पहिल्या संध्याकाळी दिवा बंद करून वीस वर्षं ऐकत आलेली एक मैफल लावली. अंतरा उचलण्याआधी गायिका श्वास घेते तो ऐकू आला, आणि मागे तंबोऱ्याची जवारी, जी मी इतकी वर्षं पेटीचाच भाग समजत होतो, ती वेगळी, तिच्या जागी बसलेली. डॅक तोच, अँप तोच, तारही तीच.

कानसेन:
मंद्रसप्तक, मित्राचे स्पीकर तुमच्या अँपला झेपले हे तुमचं नशीब. मी बरोब्बर तुमच्या सल्ल्याने गेलो होतो, आधी स्पीकर. ८३ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (तेवढ्याच वॉटमध्ये हळू वाजणारे), कागदावर ८ ओहम, प्रत्यक्षात खालच्या सुरांना ३ ओहमपर्यंत घसरणारे (ओहम जेवढे कमी तेवढा अँपवर भार जास्त). माझं छोटं अँप रडकुंडीला यायचं. आवाज चढवला की करकरीत, आणि एक दिवस उजवा ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) गेला. दुरुस्ती करणाऱ्याने कॉइल उघडून दाखवली, केसाएवढ्या तारेवर काळा डाग होता. अँप क्लिप होत होतं, म्हणजे कुवतीबाहेर जाऊन सिग्नलची टोकं कापत होतं, आणि मी बसलो होतो स्पीकरला शिव्या घालत. ८९ च्या स्पीकरला जेवढे वॉट लागतात त्याच्या चौपट ८३ ला लागतात, हे गणित तुमच्या पोस्टमध्ये कुठेय? शेवटी अँप बदललं तेव्हा त्याच स्पीकरमध्ये जीव आला. म्हणून सांगतो, आधी मागची बाजू भक्कम करा.

मंद्रसप्तक:
गणित बरोबर आहे, मी लिहायला हवं होतं, मान्य. पण तुम्ही जे सांगताय ते माझ्याच बाजूचं आहे. स्पीकर किती वॉट मागणार ते स्पीकर ठरवतो, मग स्पीकर माहीत नसताना अँप कशाच्या जोरावर निवडायचं? नवरी ठरायच्या आधी ब्लाउज शिवायला टाकण्यातला प्रकार आहे हा.

कानसेन:
ब्लाउज राहू द्या. ट्वीटर माझा जळला, तुमचा नाही.

निवांत:
दोघंही खोलीबद्दल एक अक्षर बोलत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली तुम्ही स्पीकर ऐकतच नसता, खोली ऐकत असता. ४ मीटर लांबीची खोली घ्या, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे पहिली घुम ४३ हर्ट्झच्या आसपास बसणार, भले कुठलाही स्पीकर आणा. स्पीकर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर भिंतीवरून परत येणारा आवाज ८६ हर्ट्झला उलटा पडतो आणि तिथे खड्डा. माझ्याकडे बास म्हणजे नुसता ढब ढब होता, तीन वर्षं वूफरला (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाला) दोष दिला. एका रविवारी खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन हात पुढे ओढली आणि स्पीकर थोडे आत वळवले, ट्वीटर कानाच्या उंचीला आणले. डबल बासचा एकेक सूर सुटा ऐकू यायला लागला. एक पैसा लागला नाही. नवे स्पीकर घ्यायच्या आधी निदान जुने हलवून तरी बघा.

पुनर्वसू:
विषय निघालाच आहे तर माझं सांगा, मी घाईत आहे. नवी बुकशेल्फ जोडी घेतली, आवाज नाकातून गायल्यासारखा येतोय आणि वरचे सूर टोचतात. दुकानदार म्हणतो स्पीकर अजून मुरले नाहीत, २०० तास वाजू द्या. मी रोज फार तर २ तास ऐकतो, म्हणजे १०० दिवस. परत करायची मुदत १५ दिवसांची आहे, त्यातले ९ गेले. काय करू?

कानसेन:
थांबा. बर्न-इन, म्हणजे वाजवून वाजवून मुरवणं, ही अंधश्रद्धा नाही. माझ्या टॉवरचा (जमिनीवर उभ्या मोठ्या स्पीकरचा) बास पहिल्या महिन्यात अक्षरशः उघडला. मी रोज ऐकत होतो, रोज जागा बदलून बघत होतो, चौथ्या आठवड्यात एकदम घट्ट झाला. घाई करून परत कराल आणि पस्तावाल.

सोल्डरवाला:
पुनर्वसू, उद्याच परत करा. मी हौसेने स्पीकरची खोकी बनवतो, नव्या वूफरची रेझोनन्स (तो ज्या सुराला आपसूक सगळ्यात जास्त हलतो तो आकडा) मोजतो, अर्धा तास चांगला हलवतो, पुन्हा मोजतो. आकडा थोडा खाली येतो, हे खरं आहे, स्पायडर (वूफरच्या पडद्याला मागून धरणारी लवचीक चकती) आणि कडेची रिंग सैल होते. पण ती सैल झाल्याने बाकीचे आकडेही असे सरकतात की खोक्यात बसवल्यावर एकूण आवाज जवळपास तोच राहतो. आणि जे व्हायचं ते पहिल्या काही तासांत होतं, २०० तासांत नाही. शिवाय तुमची तक्रार मधल्या आणि वरच्या सुरांची आहे, तिचा वूफरच्या स्पायडरशी काय संबंध? तो क्रॉसओव्हरचा (वूफर आणि ट्वीटरमध्ये सूर वाटून देणाऱ्या सर्किटचा) आणि डिझाइनचा मामला, तो मुरत नाही. २०० तासांत मुरतात ते तुमचे कान, आणि तोवर मुदत संपते. ज्याने हे सांगितलं त्याचा फायदा कशात आहे ते बघा.

आणि कानसेन, तुम्हीच लिहिलंय "रोज जागा बदलून बघत होतो". मग बास जागेने घट्ट झाला की महिन्याने?

कानसेन:
म्हणजे मी खोटं बोलतोय? पस्तीस वर्षं ऐकतोय मी. मीटर घेऊन संगीत ऐकणाऱ्यांनी मला कान शिकवू नयेत.

सोल्डरवाला:
खोटं कोण म्हणालं? तुम्ही जे ऐकलं ते ऐकलंच. कारण चुकीचं लावलंत, एवढंच म्हणतोय. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी हरमन या स्पीकर कंपनीत लोकांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले, १९९४ ला निष्कर्ष छापले. दिसायला लागल्यावर त्याच लोकांनी त्याच स्पीकरांना वेगळे मार्क दिले, आणि ती त्याच कंपनीची माणसं होती. डोळे उघडे असले की सगळेच फसतात, मीही.

तुमचा विश्वास बसत नसेल तर मी काय केलं ते सांगतो. नवी जोडी आणली तेव्हा डावा स्पीकर कपाटात दोन रजयांमध्ये दाबून रात्रंदिवस वाजवला, ९ दिवस. उजव्याला हात लावला नाही. मग दोन्ही शेजारी शेजारी, पुढे कापड, मोनो (डावं-उजवं एकत्र) लावून मुलीला म्हटलं तुला वाटेल तेव्हा बदल आणि कागदावर लिहून ठेव. २० पैकी ११ वेळा मुरलेला ओळखला. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच झालं असतं. मी त्या दिवसापर्यंत बर्न-इनवाला होतो.

मंद्रसप्तक:
धागा स्पीकर आधी की अँप आधी यावर होता.

सोल्डरवाला:
होता. पण हा मुरवण्याचा विषय त्यातलाच आहे, कारण तुमचं ऐकून माणूस स्पीकरवर सगळी पुंजी लावणार आणि न आवडलेली जोडी गळ्यात घेऊन बसणार.

अनाहत:
तुमची भांडणं चालू द्या, मला एक सांगायचंय. आईला कमी ऐकू येतं. तिला सिनेमातले संवाद कळत नाहीत म्हणून भावाने मोठे टॉवर आणले, मग सबवूफर आणला. आई आणखीच गप्प झाली, तिला फक्त गडगडाट जास्त यायला लागला. शेवटी मी जुना एक छोटा स्पीकर तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर स्टुलावर ठेवला, बास पूर्ण कमी करून. ती पहिल्यांदा योग्य जागी हसली. तुम्ही सगळे ज्याला अपग्रेड म्हणता ते नेहमी एका खुर्चीसाठी असतं, आणि त्या खुर्चीत बसणारा माणूस बदलला की तुमचे आकडे बदलतात हे कुणी लिहीत नाही.

निवांत:
अनाहत ताई, हे अगदी पटलं. जवळचा स्पीकर म्हणजे सरळ आवाज जास्त आणि खोलीचा प्रतिध्वनी कमी, शब्द त्यानेच सुटतात. खालची घुम कमी केली की व्यंजनं तिच्याखाली दबत नाहीत.

कानसेन:
हे मलाही पटलं. माझ्याही घरी संवाद ऐकू येत नाहीत अशी कुरकूर असते आणि मी आवाज वाढवत आलोय.

पुनर्वसू:
आज परत केले. दुकानदार दहा मिनिटं समजावत होता, मी म्हटलं आवाज आवडला नाही, विषय संपला. आता कसे निवडू?

मंद्रसप्तक:
तुम्हाला पाठ असलेल्या ४-५ गोष्टी घेऊन जा. एक नुसता गळा, एक तबला किंवा पियानो, एक गर्दीचं काहीतरी जिथे दहा वाद्यं एकदम येतात. समोर बसून ऐका, मग बाजूला सरकून ऐका. बाजूला गेल्यावर आवाज मेला तर घरी भिंतींवरून तोच मेलेला आवाज येणार. आणि दोन जोड्यांचा आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जी थोडी मोठी वाजते तीच चांगली वाटते. कानसेनांचं ऐकून सेन्सिटिव्हिटी आणि कमीत कमी ओहम विचारून घ्या, ते त्यांचं बरोबर आहे.

कानसेन:
शेवटी लिहिलंत एकदाचं.

सोल्डरवाला, शनिवारी भाचा येतोय. माझ्याकडे जुना आणि नवा असे दोन डॅक आहेत, पुढे कापड लावून त्यांच्यावर ते तुमचं मोनो प्रकरण करून बघतो. पण आवाज सारखे कसे करायचे ते नीट सांगा, अंदाजाने नको.

सोल्डरवाला:
अंदाजाने करायचंच नाही. एक साधा मल्टिमीटर घ्या, ६० हर्ट्झचा सूर लावून अँपच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा, दोन्ही डॅकवर आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत जुळवा. सूर हळू ठेवा. भाचा बदलेल तेव्हा तुम्ही खोलीबाहेर जाऊ नका, पण पाठ करून बसा, त्याचा चेहरा दिसता कामा नये.

कानसेन:
ठीक आहे. आकडे इथेच टाकीन, जे येतील ते.