आधी मूळ फायनल फँटसी ७ च खेळा
ग्राफिक्स जुने आहेत म्हणून १९९७ चा मूळ व्हिडिओ गेम सोडून थेट २०२० च्या रीमेकपासून (नव्याने बनवलेल्या गेमपासून) सुरुवात करा, असा सल्ला नव्या खेळाडूंना दिला जातो. मला ते अजिबात पटत नाही. रीमेकमध्ये अख्खी गोष्ट नाहीच, फक्त मिडगार शहराचा भाग आहे. पुढचा प्रवास २०२४ च्या रीबर्थ या पुढच्या भागात येतो आणि तिथेही कथा संपत नाही. शिवाय कथानकात मुद्दाम फेरफार केलेत. मूळ काय होतं हे ठाऊक नसेल, तर ते घोंघावणारे भुतासारखे आकार मध्येच आडवे का येतात, याचा पत्ताच लागत नाही.

रीमेकला श्रेय मात्र द्यायलाच हवं. मूळ गेममध्ये बंडखोर गटातल्या जेसी या मुलीच्या वाट्याला मोजकेच संवाद होते. इथे आपण तिच्या घरी जातो, आई पिझ्झा खाऊ घालते, आत बेशुद्ध पडलेले वडील दिसतात आणि ही पोरगी बंडात का उतरली ते कळतं. फार सुंदर प्रसंग आहे. पण मिडगारबाहेर पडल्यावर अख्खं जग नकाशावर मोकळं होतं, तो थरार मूळ गेमचाच.

लढाया रटाळ वाटल्या तर मूळ गेमच्या हल्लीच्या आवृत्त्यांत वेग तिप्पट करता येतो, वाटेतल्या अचानक लढाया बंदही करता येतात. सरसकट बंद ठेवू नका, लढायांतून वाढणारी पात्रांची लेव्हल (ताकद) मागे पडली की बॉस म्हणजे मोठे शत्रू जड जातात.