पायथन शिकवताना ‘व्हेरिएबल म्हणजे डबा’ हे सांगणं बंद करावं का?

कोरी पाटी

गेली सहा वर्षं मी प्रोग्रामिंगची काडीची ओळख नसलेल्यांना पायथन शिकवते आहे. त्यात शाळकरी मुलं असतात, निवृत्त माणसंही असतात. एका बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय, म्हणून हा धागा. व्हेरिएबल (प्रोग्राममध्ये किमतीला दिलेलं नाव) म्हणजे डबा आणि त्यात किंमत ठेवायची, हे पायथनच्या वर्गात सांगणं आपण थांबवायला हवं. तेही पहिल्या तासापासून.

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. ‘वय = २५’ लिहायचं, फळ्यावर चौकोन काढायचा, आत २५ लिहायचे. समोरच्याला लगेच पटतं. मग तीन-चार आठवड्यांनी लिस्ट (चौकोनी कंसातली अनेक किमतींची यादी) येते आणि हे घडतं. (कोड वाचण्यापुरता देवनागरीत लिहिते आहे. चालवताना आकडे आणि कमांड नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाका. नावं मात्र खरंच देवनागरीत चालतात, २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हापासून.)

यादी = [१, २, ३]
प्रत = यादी
प्रत.अपेंड(४)
प्रिंट(यादी)

अपेंड लिस्टच्या शेवटी एक किंमत जोडतं, आणि शेवटी उत्तर येतं [१, २, ३, ४]. हात लावला ‘प्रत’ला आणि बदलली ‘यादी’. डब्याच्या चित्रात याला जागाच नाही. दोन डबे असतील तर एकात टाकलेलं दुसऱ्यात कसं पोचेल? इथे शिकणारा भाषेवर शंका घेत नाही, स्वतःवर घेतो. “मला हे जमणारं नाही” हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा याच धड्याला ऐकलं आहे.

पायथनमध्ये वस्तू एकीकडे असते आणि नाव म्हणजे तिला बांधलेली चिठ्ठी. बरोबरचं चिन्ह काही ओतत नाही की कशाची नक्कल काढत नाही. उजवीकडे जी वस्तू मिळते तिला डावीकडची चिठ्ठी बांधतं, बस. एका वस्तूला दहा चिठ्ठ्या असू शकतात. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचं पान आहे. एक लिस्ट बदलल्यावर दुसरी का बदलली, हा प्रश्न तिथे आहे. फंक्शनची (नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरायच्या कोडच्या तुकड्याची) डिफॉल्ट किंमत, म्हणजे आपण काही दिलं नाही तर धरली जाणारी, सगळ्या कॉलमध्ये (ते वापरायच्या प्रत्येक वेळी) सामाईक का राहते, हाही आहे, आणि दोन मितींची (ओळी-रकान्यांची) लिस्ट कशी बनवायची हाही. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे आणि आपण पहिल्याच दिवशी त्याच्या उलट शिकवतो.

अर्धविराम

साफ असहमत. मीही शिकवतो, तेव्हा अनुभवाला अनुभवानेच उत्तर देतो.

पहिल्या तासाला समोर बसलेल्या माणसाच्या लेखी बरोबरचं चिन्ह गणितातलं असतं. ‘गुण = गुण + १’ बघून तो म्हणतो, हे समीकरण खोटं आहे. आधी उजवी बाजू सोडवायची आणि मग डावीकडे यायचं, एवढं अंगवळणी पडायलाच दोन दिवस जातात. पुढे इनपुटमधून आलेला आकडा आकडा नसून मजकूर असतो, म्हणून ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते. रेंज(१, १०) ही आकड्यांची रांग नऊवरच थांबते. एका ओळीत चार स्पेस आणि दुसरीत तीन पडल्या की प्रोग्राम चालायलाच नकार देतो. एवढी धडपड चालू असताना वस्तू वेगळी, नाव वेगळं, हे तत्त्वज्ञान कशाला मध्ये आणायचं?

आणि मुख्य मुद्दा असा की आकडे, मजकूर, खरं-खोटं या पायथनमध्ये न बदलणाऱ्या वस्तू आहेत. त्यांच्यापुरतं डबा म्हणा की चिठ्ठी म्हणा, प्रोग्रामचं उत्तर तेच येतं. म्हणजे पहिला महिनाभर डबा खोटा ठरतच नाही. लहान संख्येतून मोठी वजा होत नाही, असं आपण मुलांना आधी सांगतोच ना? ऋण संख्या पुढे येतात. त्यात काही पाप नाही.

कोरी पाटी

‘गुण = गुण + १’ हे उदाहरण तुम्ही काढलंत, बरं झालं, कारण डबा पहिल्यांदा तिथेच गळतो. मला विद्यार्थ्यांनी विचारलंय, “मॅडम, आधीचे ५ कुठे गेले? आता डब्यात ५ आणि ६ दोन्ही आहेत का?” प्रश्न अगदी रास्त आहे, डब्यात दोन वस्तू मावतातच. बेनेडिक्ट ड्यु बुले यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या अडचणींवर लिहिताना शिकणाऱ्याच्या मनातल्या काल्पनिक यंत्राबद्दल लिहिलं होतं. आत काय चाललंय याचं जे चित्र डोक्यात असतं, त्यावरूनच माणूस पुढच्या ओळीचा अंदाज बांधतो. चित्र चुकलं की अंदाज चुकणारच, मग ओळ आकड्याची असो की लिस्टची.

वजाबाकीची तुलना मला पटत नाही. तिथे मूल पुढे जाऊन ऋण संख्या त्याच संख्यारेषेवर डावीकडे वाढवतं, जुनं काही मोडत नाही. डबा मात्र पूर्ण मोडावा लागतो.

जुना कंपायलर

डबा ही उपमा आली कुठून ते कोणी सांगत नाहीये. सीसारख्या भाषांतून आली, आणि तिथे ती खरी आहे. ‘इंट अ’ लिहिलं की मेमरीत ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या आकाराची जागा राखली जाते. त्या जागेला प्रकार असतो आणि तो बदलत नाही. ‘ब = अ’ म्हटलं की आतल्या किमतीची खरोखर नक्कल होते. पायथनमध्ये प्रकार वस्तूला चिकटलेला असतो, नावाला नाही. म्हणून एकच नाव सकाळी आकड्याला आणि दुपारी मजकुराला लावता येतं.

त्यामुळे माझं म्हणणं की आधी महिनाभर सी शिकवा. पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारा व्हेरिएबल) एकदा हाताने चालवला की पायथनची ही सगळी कोडी आपोआप सुटतात. पायावर घर उभं राहतं, गच्चीपासून खाली बांधत येत नाही कोणी.

अर्धविराम

सर, आदर राखून सांगतो, या महिन्यात निम्मे लोक सोडून जातील. अ‍ॅरेच्या (सीमधल्या किमतींच्या रांगेच्या) हद्दीबाहेर एक पाऊल पडलं तर सी कधी निमूट चुकीचं उत्तर देते, तर कधी प्रोग्रामच कोसळतो, आणि दोन्ही वेळा नवशिक्याला कारण कळत नाही. पायथन निदान ओळ क्रमांक आणि काय चुकलं त्याचं नाव सांगतं. शिवाय सीमध्येही अ‍ॅरे फंक्शनला दिला की आतले बदल मूळ अ‍ॅरेवरच होतात. म्हणजे तिथेही डबा सगळीकडे पुरत नाही.

खिदो फान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत असताना पायथन लिहायला घेतलं. त्याआधी ते तिथेच एबीसी या भाषेवर काम करत होते, आणि एबीसी प्रोग्रामर नसलेल्यांना शिकता यावी म्हणूनच बनवली होती. तो वारसा असलेल्या भाषेच्या दारात सीचा उंबरठा कशाला बांधायचा?

रात्रपाळी

मी शिकवणारी नाही, शिकणारी आहे. हिशेबाचं काम करते. वय त्रेचाळीस, पायथन सुरू करून पाच महिने झाले. माझा अनुभव लिहिते, मग मोठ्यांनी ठरवा.

बारा महिन्यांचे आकडे एका लिस्टमध्ये होते. महिन्यांचा क्रम हवा होता, आणि सर्वांत कमी-जास्त बघण्यासाठी चढता क्रमही हवा होता. मी शहाणपणा करून आधी ‘मूळ = आकडे’ लिहिलं आणि मग ‘आकडे.सॉर्ट()’. आलेख काढला तर जानेवारीत वर्षातला सर्वांत कमी खर्च, डिसेंबरात सर्वांत जास्त, मधली रेघ सरळ वर चढत गेलेली. मला दोन संध्याकाळी वाटत राहिलं की मी फाइल चुकीची वाचतेय. फाइल वाचणारे कोड मी तीनदा नव्याने लिहिले. ‘मूळ’वर संशयसुद्धा आला नाही, कारण ते तर मी दुसऱ्या डब्यात जपून ठेवलं होतं!

शेवटी कोणीतरी पायथन ट्यूटर दाखवलं. फिलिप ग्वो यांनी २०१० मध्ये बनवलेलं अवजार आहे. कोड एकेक ओळ पुढे सरकतो आणि बाजूला चित्र बनत जातं. दोन नावांतून निघालेले दोन बाण एकाच लिस्टवर टेकलेले दिसले आणि मी खुर्चीतून उठलेच. दुरुस्ती एका शब्दाची होती: ‘मूळ = आकडे.कॉपी()’. किंवा सॉर्टेड वापरायचं, ते नवी लिस्ट देतं आणि जुनीला हात लावत नाही.

अर्धविराम सर, डबा सांगायला माझी हरकत नाही. पण तो तात्पुरता आहे हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. राग आहे तो त्याचा.

अर्धविराम

ताई, हा दोष आमचाच. तात्पुरतं शिकवताना ते तात्पुरतं असल्याचं सांगायलाच हवं. हे मी मान्य करतो.

तिसरी ओळ

मी दोन्ही बाजूंशी भांडतो. रोज इतरांचा कोड तपासणं हे माझं काम आहे. चिठ्ठी आणि बाण तोंडपाठ असलेले लोकही याच चुका करतात.

उदाहरण घ्या. तीन बाय तीनचा तक्ता हवा म्हणून ‘तक्ता = [[०] * ३] * ३’ लिहितात. छापून बघितलं तर अगदी बरोबर दिसतो. मग पहिल्या ओळीतल्या पहिल्या घरात ५ टाकले की तिन्ही ओळींत ५ उमटतात, कारण आतली लिस्ट एकच आहे आणि बाहेरच्या लिस्टमधून तिच्याकडे तीनदा बोट दाखवलेलं आहे. फॉर लावून प्रत्येक ओळ नव्याने बनवावी लागते. दुसरं उदाहरण फंक्शनचं. डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देतात. ती डेफची (फंक्शनची व्याख्या जिथे सुरू होते ती) ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, प्रत्येक कॉलला नव्याने बनत नाही. पहिल्या ग्राहकाच्या नोंदी दुसऱ्याच्या यादीत गेलेल्या मी पाहिल्यात, आणि लिहिणारा माणूस चार वर्षांच्या अनुभवाचा होता. विचारल्यावर त्याने बाण काढून बिनचूक समजावून सांगितलं. लिहिताना मात्र आठवलं नाही.

म्हणून उपमेवर एवढी शक्ती घालवू नका. माझ्याकडे नव्याने आलेल्यांना मी एकच सवय लावतो. चालवण्याआधी उत्तर कागदावर लिहायचं, मग चालवायचं. चुकलं तर पुढे जायचं नाही, का चुकलं ते शोधायचं. ‘ब = ब + [४]’ आणि ‘ब += [४]’ यांत फरक काय, हे असं दहा मिनिटं बसून शोधलेलं पोरगं विसरत नाही. पहिल्यात नवी लिस्ट बनते आणि नाव तिच्याकडे जातं, दुसऱ्यात जुनीच लिस्ट वाढते.

कोरी पाटी

कागदावरचा अंदाज मीही करून घेते, पण अंदाज बांधायला आधी चित्र लागतं. डब्याचं चित्र घेऊन ‘ब += [४]’चा अंदाज बांधून दाखवा. तुमच्या त्या चार वर्षांच्या माणसाला निदान विचारल्यावर कारण सांगता आलं. रात्रपाळी यांना दोन संध्याकाळी कुठे शोधायचं हेच कळत नव्हतं. हा फरक मला मोठा वाटतो.

शून्यापासून

वर्गात आयडी फंक्शन (ते वस्तूचा ओळख-क्रमांक देतं) वापरून दाखवलं तर वाद मिटेल ना? दोन्ही नावांचा आयडी सारखा आला म्हणजे वस्तू एकच.

तिसरी ओळ

लिस्टपुरतं दाखवा, आकड्यांवर नको. नेहमीच्या सीपायथनमध्ये (बहुतेक जण वापरतात त्या पायथनमध्ये) −५ ते २५६ हे पूर्णांक आधीच बनवून ठेवलेले असतात. त्यामुळे वेगवेगळ्या ओळींत २५६ लिहून दोन नावं दिली तर आयडी सारखा येतो, २५७ ला बहुधा वेगळा. मग विद्यार्थी त्यातूनच काहीतरी नियम काढतो आणि दोन बरोबर चिन्हांऐवजी ‘इज’ने (ते फक्त वस्तू एकच आहे का हे बघतं) आकडे ताडायला लागतो. तो रोग घालवायला फार वेळ लागतो.

अर्धविराम

बारा दिवसांनी परत लिहितोय. नवी तुकडी सुरू झाली होती, म्हणून पहिल्या तासापासून डबा न काढता बघितलं. चिठ्ठी हा शब्द मी वापरला नाही. डावीकडे नाव, उजवीकडे वस्तू, मधे बाण, एवढंच. वेळ जास्त लागेल ही माझी भीती खोटी ठरली, साधारण तेवढाच लागला. ‘गुण = गुण + १’ला बाण ५ वरून उचलून ६ वर टेकवला आणि समीकरणाचा वाद या वेळी झालाच नाही.

पण एक अडचण कोरी पाटी यांनी सांगितली नव्हती. एकीने लगेच विचारलं, ज्या ५ कडे आता एकही बाण नाही त्याचं काय होतं? मी रेफरन्स काउंट सांगायला गेलो, कोणीच बोट दाखवत नसेल तर पायथन ती वस्तू काढून टाकतं वगैरे, आणि त्यात पंचवीस मिनिटं गेली. अर्धा वर्ग हरवला. डब्यात हा प्रश्न उगवत नाही. त्यामुळे पूर्ण पटलंय असं म्हणणार नाही. लिस्टचा धडा पुढच्या आठवड्यात आहे, तिथे काय होतं ते बघतो.

कोरी पाटी

तो प्रश्न आला की मी “पायथन झाडलोट करतं, आपण नंतर बघू” एवढंच म्हणते. पण इतक्या लवकर तो प्रश्न सुचला, यातच तिला चित्र दिसतंय हे कळतं.

रात्रपाळी

लिस्टच्या धड्याची वाट बघते. तोवर माझी एक शंका. टपल (गोल कंसातली यादी) बदलता येत नाही असं शिकले. पण ‘ट = (१, २, [३])’ लिहून ‘ट[२].अपेंड(४)’ (मोजणी शून्यापासून, म्हणून ट[२] म्हणजे तिसरा घटक) केलं तर चाललं! ट आता (१, २, [३, ४]) दाखवतंय. मग बदललं की नाही?

कोरी पाटी

कागद घ्या. टपलला तीन खण काढा आणि प्रत्येक खणातून एक बाण काढा. पहिला १ वर, दुसरा २ वर, तिसरा बाजूला काढलेल्या लिस्टवर. टपलमध्ये न बदलणारे आहेत ते हे तीन बाण. आता अपेंड कुठे झालं त्यावर बोट ठेवा, आणि ‘ट[२] = [९]’ केलं तर काय होईल ते चालवण्याआधी इथे लिहा.