रंकाळ्यावरची बदकं हाकलायची म्हणे!

पाणथळ
ग्रुपवर फिरतंय: 'परदेशी बदकं बर्ड फ्लू आणतात, कोल्हापूरच्या रंकाळा-कळंबा तळ्यांवरून फटाके लावून हाकला.' हाकललेला थवा शेततळ्यावर उतरेल, तिथं काठाला कुणाच्या तरी कोंबड्या चरत असतात. रोग पसरू नये म्हणून तो पोचवून यायचा! शिवाय मेलेलं प्रत्येक बदक फ्लूचं नसतं. 2019 च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेनं फ्लू नाही म्हणून कळवलं, बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेनं बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषानं येणारं लुळेपण, सांगितलं.

तांबडा-पांढरा
मग 2006 ला नवापुरात बर्ड फ्लू म्हणून कोंबड्या मारल्या त्या काय हौसेनं? शेड रिकामं झालं ते पोल्ट्रीवाल्याचं. पक्षीमित्र दुर्बीण घेऊन पुढच्या तळ्यावर.

पाणथळ
फ्लू नाही असं कोण म्हणालं? थापट्या, तलवार बदक यांच्यासारखी बदकं अनेकदा विषाणू आतड्यात घेऊन ठणठणीत हिंडतात, विष्ठेतून पाण्यात सोडतात. म्हणूनच तळ्याचं पाणी क्लोरिन न घालता कोंबड्यांना द्यायचं नाही, शेडच्या दाराशी जंतुनाशकाचं पायपात्र ठेवायचं, जाळीतून चिमणीही शिरता कामा नये. यातलं किती शेडांत आहे?

औषधपेटी
बोट्युलिझमचं चक्र समजून घ्या. उथळ तापलेलं पाणी, प्राणवायू संपलेला चिखल, त्यात मेलेला मासा. सडक्या मांसात जिवाणू विष तयार करतो. माशीच्या अळ्यांना त्याचं काही होत नाही, त्या टिपणारं बदक मात्र लुळं पडतं. आधी पंख-पाय, मग मान. चोच पाण्यात जाऊन बुडून मरतं. त्या मढ्यावर पुन्हा अळ्या, आणि चार-दोन अळ्याही एका बदकाला पुरतात. मढी रोज उचलली नाहीत तर बाकी सगळे उपाय वाया. फ्लूत मान पिळवटणं, झटके, गोल फिरणं दिसतं, पण निदान नमुन्यावरच. हात लावू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

खणकरी
आणि मासे मरतात कशानं? केंदाळानं, त्या जलपर्णीनं! तणनाशक मारा, विषय संपला.

पाणथळ
संपला नाही, सुरू झाला. फवारलेलं केंदाळ बुडून तळाशी कुजतं, कुजताना प्राणवायू ओढतं. वर औषधपेटीनं सांगितलेला चिखल तो हाच.

खणकरी
मग बोटीनं काढून काठावर टाकतात ते काय लोणचं घालायला? पाऊस आला की सगळा रस परत तळ्यात.

औषधपेटी
हे मात्र बरोबर. काढलेला ढीग त्याच दिवशी काठापासून लांब न्यायला हवा. नव्वद टक्क्यांवर पाणीच असतं, म्हणून वाहतूक महाग आणि म्हणून कुणी नेत नाही. पण सांडपाण्याचा नाला सुरू असेपर्यंत केंदाळ येणारच. नत्र-स्फुरद फुकट मिळतंय त्याला.

तांबडा-पांढरा
बदकांवरून निघालेले केंदाळात रुतले! काठावर पिशवी-पिशवी पाव टाकणाऱ्यांना कुणी बोलत नाही, ती गर्दी चालते होय?

औषधपेटी
नाही चालत. बुरशी धरलेल्या पावातून फुप्फुसाचा रोग होतो, आणि एका जागी गर्दी झाली की विष्ठेतून फ्लूही सोपा. तुमच्याकडून पहिलं कामाचं वाक्य.

तांबडा-पांढरा
उपकार झाले. फटाके नको, मान्य. मग मढी उचलणार कोण, ते बोला.

खणकरी
आधी केंदाळ.