मिनियन नसताना

दहा जण जमत नसतील तर ज्यूंची सामुदायिक प्रार्थना कशी टिकणार, हा प्रश्न मोलाचा आहे. कद्दीश (शोकात म्हणायची प्रार्थना) म्हणायला मिनियन लागतं, म्हणजे दहा प्रौढ; सनातनी पंथात दहा पुरुषच. २०२० च्या टाळेबंदीत याची सर्वांत जास्त झळ शोकात असलेल्यांना बसली. इस्राएलमध्ये काही ठिकाणी शेजारी आपापल्या बाल्कनीत उभे राहून एकत्र प्रार्थना करत. वल्हांडण सणाच्या सेदरला, म्हणजे घरच्या विधिवत जेवणाला, झूम चालेल असं काही सेफार्दी (स्पेन-उत्तर आफ्रिकेकडच्या परंपरेतल्या) रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी सांगितलं, इस्राएलच्या मुख्य रब्बींनी मात्र विरोध केला. एकट्या म्हाताऱ्या माणसांचा विचार केला, तर मला मुभा देणाऱ्यांचंच म्हणणं पटतं.

पण आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंना विसरू नका. त्यांचं पहिलं सिनेगॉग (प्रार्थनागृह) मुंबईत १७९६ साली झालं. त्याआधी कित्येक पिढ्या ना रब्बी होते, ना सिनेगॉग. तरी शनिवारी घाणा बंद राहायचा, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. सुंता आणि शेमा ही एकेश्वराची प्रार्थना टिकली. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने होणारा पोहे-खोबऱ्याचा मलिदाही घरातलाच विधी, आणि त्याला नातेवाईक, शेजारी आवर्जून येतात. त्यामुळे सिनेगॉग बंद असताना मंडळींनी आधी घरच्या विधींना हात द्यावा, असं मला मनापासून वाटतं.