अळू मागितलं, आलू मिळाला: एआयच्या मराठीचे तुमचे अनुभव सांगा

श्रावणातली गोष्ट. फदफदं करायचं होतं आणि सासूबाई गावी गेलेल्या. हाताला चिकट लागलेलं, म्हणून फोनला तोंडानेच विचारलं, "अळूच्या फदफद्याची कृती सांग." त्याने ऐकलं 'आलू'. चणाडाळ, शेंगदाणे, चिंच, गूळ, मुळ्याच्या चकत्या, सगळं बरोबर आणि वर चार उकडलेले बटाटे! म्हटलं, "अरे, बटाटा नाही, पानं असतात ती." तर माफी मागून म्हणतो, "बटाट्याची कोवळी पानं बारीक चिरून घ्या." इथे मात्र माझ्या पोटात गोळा आला. बटाट्याच्या पाल्यात सोलानिन नावाचं विषारी द्रव्य असतं, तो खायचा नसतो. मला हे ठाऊक होतं. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या पोरीला किंवा पोराला असेलच असं नाही.
एका 'ळ'ने एवढं घडलं. तुमच्याकडे काय काय झालंय? सविस्तर लिहा.

* * *

मी शिक्षिका आहे. पालकांसाठीची इंग्रजी सूचना घाईत एआयकडून मराठीत करून घेतली आणि न वाचता गटावर टाकली. ही चूक माझीच. त्यात होतं, "दर बुधवारी व शुक्रवारी मुलांना शारीरिक शिक्षा दिली जाईल." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे आजोबा 2009चा शिक्षणहक्क कायदा छापून घेऊनच शाळेत आले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना चहा दिला, माफी मागितली आणि सूचना हाताने लिहून पुन्हा पाठवली.

* * *

घड्याळ शिकवायला साडेसहा वाजल्याचं चित्र मागितलं. पाचही वेळा दहा वाजून दहा मिनिटं! जाहिरातींतली घड्याळं बहुतेक त्याच वेळेवर लावलेली असतात, तेच फोटो बघून ते शिकलंय.

* * *

आमचं किराणा दुकान आहे. उधारी बोलून लिहून घेता येईल म्हणून हौसेने सुरू केलं. "पावणेदोनशे" म्हटलं की कधी 200, कधी 1.75. एकदा तर "पाहुणे दोनशे" असं आलं. 175 एकदाही नाही. दीड, अडीच, सव्वाशे यांवर आमचा सगळा धंदा चालतो. परत लाल वही काढली.

* * *

माझा अनुभव जरा गंभीर आहे. प्रवचनासाठी तुकोबांचा एक अभंग शोधत होतो. एआयने लगेच दिला. शेवटी 'तुका म्हणे', वर गाथेतला क्रमांक. चाल बसत होती, शब्दही ओळखीचे वाटत होते. घरातली गाथा उघडली तर त्या क्रमांकावर दुसराच अभंग. पुन्हा विचारलं, तर क्रमांक बदलून तोच अभंग! मग सबंध गाथा चाळली, तो कुठेच नाही. ते गाथा उघडून बघत नाही, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द शोभेल एवढंच जुळवतं. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनी असेच मुळात नसलेले सहा निवाडे कोर्टात दिले होते, 5,000 डॉलर दंड झाला. आपल्याकडे तुकोबांच्या नावावर खोटा अभंग फिरू लागला तर दंड कोण करणार? कृपा करून गाथा उघडल्याशिवाय पुढे पाठवू नका.

* * *

मुलगी परदेशात वाढली, मराठी बोलते पण लिहिता येत नाही. आजीच्या वाढदिवसाला तिने इंग्रजीत पत्र लिहिलं आणि एआयकडून मराठीत करून घेतलं. "आजी, मी तुला विसरलो नाही. मी लवकरच येतो." आजीने फोन करून विचारलं, "हे कुणी लिहिलंय गं?" इंग्रजीतल्या 'आय'ला लिंग नाही, म्हणून यंत्राने पुरुषच धरला. मग आजीने चष्मा लावून लाल पेनाने एकेक क्रियापद दुरुस्त केलं, विसरले, येते, आणि त्या कागदाचा फोटो नातीला पाठवला. आता दर रविवारी नात चार ओळी स्वतः लिहिते आणि आजी तपासते. काल तिने पहिल्यांदा 'ळ' काढला, जरा वाकडा आलाय.